जर्मन भाषेत आपला दिनक्रम



जर्मनीतल्या एखाद्या रुग्णालयात डॉक्टर एका रुग्णाला म्हणतात, “त्सीएन झी झिश बिटे आन.” म्हणजे, “कृपा करून कपडे घाला.” पलीकडच्या खाटेवरच्या रुग्णाला तेच डॉक्टर म्हणतात, “त्सीएन झी झिश बिटे आउस.” म्हणजे, “कृपा करून कपडे काढा.” वाक्य पाच शब्दांचे. त्यांतले पहिले चार शब्द दोन्हीकडे तेच. घालणे की काढणे, हे ठरते ते शेवटच्या एवढ्याशा शब्दावर. शेजारी उभ्या असलेल्या परिचारिकेने चार शब्द ऐकून मान डोलावली आणि पाचवा कानाआड केला, तर तपासून झालेल्या म्हाताऱ्याचा सदरा ती पुन्हा उतरवू लागेल!

जर्मन भाषेतल्या दोन प्रकारच्या क्रियापदांविषयी आज बोलायचे आहे. एक, ज्यांचे दोन तुकडे होतात ती. त्यांना आपण विभाज्य क्रियापदे म्हणू. दुसरी, ज्यांच्याबरोबर ‘स्वतःला’ असा अर्थ देणारे सर्वनाम येते ती. त्यांना आत्मवाचक क्रियापदे म्हणू. सकाळी उठणे, दात घासणे, तोंड धुणे, कपडे घालणे, गाडीत चढणे, उतरणे, घरी फोन करणे, आडवे होणे, झोपी जाणे या सगळ्या रोजच्या गोष्टी सांगायला हीच क्रियापदे लागतात. म्हणून भाषा शिकू लागले, की पहिल्या काही महिन्यांतच “तुझा दिवस कसा जातो, ते सांग” हा प्रश्न समोर येतो, आणि विद्यार्थी तिथेच अडखळतो.

हा विषय आज खेड्यापाड्यांतल्या घरांपर्यंत येऊन पोचला आहे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याबाबत करार केला. परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा कामांसाठी तरुण मुले-मुली जर्मन शिकू लागली. शहरात शिकवणी मिळते. गावात मूल पुस्तक घेऊन आपल्या जुन्या शाळेतल्या गुरुजींकडे किंवा बाईंकडे येते. परदेशात परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळवायची, तर साधारणपणे बी-२ या पातळीपर्यंतची जर्मन यावी लागते. त्या वाटेवरच्या पहिल्या पायऱ्या ए-१ आणि ए-२ या. ए-२च्या तोंडी परीक्षेत स्वतःच्या रोजच्या जीवनाविषयी बोलावे लागते. तेव्हा आपला दिवस जर्मनमध्ये सांगता येणे हे पुढच्या वाटेचे दार आहे म्हणा ना.

आधी उच्चाराबद्दल थोडेसे. जर्मन शब्द मी इथे देवनागरीत देत आहे. ‘इश’ म्हणजे मी. त्यातला ‘श’ म्हणताना ओठ पुढे काढू नयेत. ‘ही’ म्हणताना जीभ जिथे असते तिथूनच श्वास सोडावा. ‘त्स’ म्हणजे आपल्या ‘चाक’ या शब्दातला च. ‘झ’ म्हणजे ‘झाड’ या शब्दातला झ. हे दोन्ही आवाज मराठी माणसाच्या तोंडात जन्मापासून आहेत, त्यांची चिंता नको. ‘वाशे’, ‘श्टेए’ अशा शब्दांच्या अखेरचा ‘ए’ मात्र अगदी हलका, सैल सोडावा.

आता पहिला प्रकार, विभाज्य क्रियापदे. ‘उठणे’ याला जर्मनमध्ये ‘आउफश्टेएन’ म्हणतात. ‘श्टेएन’ म्हणजे उभे राहणे आणि ‘आउफ’ म्हणजे वर. वर उभे राहणे, म्हणजे उठणे. पण “मी पाच वाजता उठतो” असे वाक्य करायचे झाले की हा शब्द फुटतो:

इश श्टेए उम फ्युन्फ ऊअर आउफ.

‘इश’ म्हणजे मी, ‘श्टेए’ हा क्रियापदाचा मूळ भाग, ‘उम फ्युन्फ ऊअर’ म्हणजे पाच वाजता, आणि क्रियापदाचा पुढचा तुकडा ‘आउफ’ जाऊन बसला थेट वाक्याच्या शेवटी. मांडव घालताना आपण दोन टोकांना दोन मेढी रोवतो आणि मधल्या जागेत सगळी मंडळी बसवतो. जर्मन वाक्याची रचना तशीच आहे. पहिली मेढ वाक्यात दुसऱ्या जागी, दुसरी मेढ अगदी शेवटी, आणि कधी, कुठे, कोणाला, कशाने ही सगळी मंडळी मध्ये. मंडळी कितीही वाढली तरी मेढी आपापल्या जागा सोडत नाहीत.

‘दुसऱ्या जागी’ हे नीट लक्षात ठेवावे. वाक्याची सुरुवात वेळेने केली तरी क्रियापद दुसरेच राहते. सरकतो तो कर्ता. “उम फ्युन्फ ऊअर श्टेए इश आउफ.” पाच वाजता ही पहिली जागा, ‘श्टेए’ दुसरी, आणि ‘इश’ मुकाट्याने तिसऱ्या जागी.

मार्क ट्वेन या अमेरिकन विनोदी लेखकाने १८८० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनाला जर्मन भाषेवर एक निबंध जोडला होता. क्रियापद असे मधून कापून त्याचा एक भाग अलीकडे आणि दुसरा पार पलीकडे ठेवण्याच्या या रीतीची त्याने त्यात भरपूर टिंगल केली. इंग्रजी बोलणाऱ्याला ती रीत विचित्र वाटणारच, कारण त्याचे क्रियापद आणि त्याचा नकार, दोन्ही वाक्यात लवकर येऊन जातात. पण आपले काय? “मी उद्या सकाळच्या गाडीने मुलांना घेऊन पुण्याला जाणार” एवढे ऐकून आपण निश्चिंत होतो का? नाही. पुढे ‘आहे’ येते की ‘नाही’ येते, इकडे आपला कान लागलेला असतो. सगळे वाक्य उलटवणारा शब्द मराठीत शेवटी येतो, आणि तिथपर्यंत थांबण्याची सवय आपल्याला पाळण्यातच लागलेली असते. जर्मन ऐकताना हीच सवय कामाला येते. आपला कान तयार आहे. तयार करायची आहे ती जीभ.

शेवटच्या तुकड्याने अर्थ कसा पालटतो, त्याचे उदाहरण मुंबईच्या उपनगरातले घेऊ. उपनगरात आगगाडीचे दोन मुख्य मार्ग आहेत. बोरिवली आणि अंधेरी पश्चिम रेल्वेवर. घाटकोपर आणि मुलुंड मध्य रेल्वेवर. या दोन उभ्या मार्गांना आडवी जोडणारी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मेट्रो जून २०१४ मध्ये सुरू झाली. आता समजा, बोरिवलीला राहणारी एक परिचारिका मुलुंडच्या रुग्णालयात नोकरीला जाते. ती बोरिवलीला गाडीत चढते, अंधेरीला मेट्रो धरते, घाटकोपरला पुन्हा गाडी बदलते आणि मुलुंडला उतरते. मराठीत चढणे, बदलणे, उतरणे अशी तीन वेगळी क्रियापदे झाली. जर्मनमध्ये तिन्ही ठिकाणी क्रियापद एकच: ‘श्टाइगेन’, म्हणजे पाऊल वर-खाली टाकणे, चढणे. फरक उपसर्गाचा:

इश श्टाइगे इन बोरिवली आइन. (मी बोरिवलीला चढते.)
इश श्टाइगे इन अंधेरी उम. (मी अंधेरीला गाडी बदलते.)
इश श्टाइगे इन मुलुंड आउस. (मी मुलुंडला उतरते.)

‘आइन’ म्हणजे आत, ‘उम’ म्हणजे फिरून, ‘आउस’ म्हणजे बाहेर. तीन उपसर्ग समजले, की एस.टी.चा प्रवासही सांगता येतो आणि विमानाचाही.

शिक्षकांना यात नवल वाटू नये. आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार हे शब्द आपण वर्गात फळ्यावर लिहितो आणि मुलांना सांगतो, की धातू एकच, उपसर्ग बदलला की अर्थ कुठल्या कुठे जातो. जर्मनचे तेच आहे. ‘नेमेन’ म्हणजे घेणे. गोळीच्या संदर्भात शेवटी ‘आइन’ आले तर गोळी पोटात घ्यायची. ‘मिट’ आले तर बरोबर घेऊन जायची. ‘माखेन’ म्हणजे करणे. खिडकीच्या संदर्भात ‘आउफ’ आले तर खिडकी उघडायची, ‘त्सू’ आले तर लावायची. रात्रपाळीला असलेल्या परिचारिकेने एवढे चार उपसर्ग जरी चोख ऐकले, तरी तिची निम्मी घबराट जाईल.

तरीही कोणी विचारील, “आमचा उपसर्ग धातूला चिकटून असतो, जर्मनांचा सुटा कसा?” याचे उत्तर आपल्याच घरात आहे. संस्कृतात उपसर्ग धातूच्या लगेच आधी येतो, असा नियम आपण शिकतो. पण वेदांच्या भाषेत तसे नव्हते. तिथे उपसर्ग क्रियापदापासून दूर, मध्ये दुसरे शब्द ठेवून येऊ शकत असे. कधी क्रियापदाच्या नंतरही येई. पाणिनीने अष्टाध्यायीत वेदातली ही सवलत स्वतंत्र सूत्रांनी नोंदवून ठेवली आहे. आणखी गंमत अशी, की वेदात प्रधान वाक्यात उपसर्ग सुटा राहतो, त्यावर स्वराचा भारही असतो. गौण वाक्यात मात्र तो बहुधा क्रियापदाला जोडून येतो. आता पुढे आपण पाहू, की जर्मनमध्येही प्रधान वाक्यात उपसर्ग सुटतो आणि गौण वाक्यात जोडला जातो! याचा अर्थ जर्मनांनी ही रीत वेदातून उचलली असा मुळीच नाही. दोन्ही भाषा एका मोठ्या कुळातल्या, आणि दोन्हींकडे हे उपसर्ग मुळात स्वतंत्र शब्द होते. संस्कृतात ते पुढे चिकटले. जर्मनमध्ये काही चिकटले, काही अजून मोकळे आहेत. फ्रान्झ कीलहॉर्न हे जर्मन पंडित १८६६ ते १८८१ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. पुढे पतंजलीचे महाभाष्य त्यांनी संपादून छापले. पाणिनीची ही सूत्रे वाचताना त्या जर्मन माणसाला आपली मातृभाषा आठवली नसेल तरच नवल!

हे तुटलेले तुकडे पुन्हा एकत्र केव्हा येतात, ते पाहू. तीन प्रसंग ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

पहिला प्रसंग, वाक्यात ‘पाहिजे’, ‘शकणे’ अशा अर्थाचे साहाय्यक क्रियापद आले म्हणजे. “इश मुस उम फ्युन्फ ऊअर आउफश्टेएन.” मला पाच वाजता उठावे लागते. इथे पहिली मेढ ‘मुस’ झाली, आणि आपले क्रियापद अखंड स्वरूपात शेवटी गेले.

दुसरा प्रसंग, होऊन गेलेली गोष्ट सांगताना. “इश बिन उम फ्युन्फ ऊअर आउफगेश्टान्डेन.” मी पाच वाजता उठले. इथे दोन तुकडे जोडले गेले, पण मध्ये ‘गे’ शिरला: आउफ, गे, श्टान्डेन. हा ‘गे’ सगळ्यांच्या आधी लावायचा नाही. उपसर्ग आणि मूळ क्रियापद यांच्या मध्येच तो बसतो.

तिसरा प्रसंग, गौण वाक्य. “इश बिन म्युडे, वाइल इश उम फ्युन्फ ऊअर आउफश्टेए.” मी थकलेली आहे, कारण मी पाच वाजता उठते. यातला दुसरा भाग शब्दाखाली शब्द ठेवून पाहा. ‘वाइल’, कारण. ‘इश’, मी. ‘उम फ्युन्फ ऊअर’, पाच वाजता. ‘आउफश्टेए’, उठते. शब्दांचा क्रम अगदी मराठीचाच! गौण वाक्यात जर्मन क्रियापद मराठीसारखे शेवटी जाते, आणि तिथे त्याचे दोन्ही तुकडे एकत्र नांदतात. माझ्या वर्गात जी मुले प्रधान वाक्यात चुकतात, तीच गौण वाक्य सहज बोलतात, ते याचमुळे.

पण सगळेच उपसर्ग सुटत नाहीत. बे, गे, एर, फेर, एन्ट, त्सेर हे उपसर्ग क्रियापदाला कायमचे चिकटलेले आहेत. ‘फेरश्टेएन’ म्हणजे समजणे. “मला समजते” हे “इश फेरश्टेए” असेच म्हणायचे. ‘फेर’ला उचलून शेवटी नेले तर ऐकणाऱ्याला काही कळणार नाही. सुटणारा कोणता आणि न सुटणारा कोणता, हे ओळखायची खूण कानाने मिळते. ज्या उपसर्गावर आवाजाचा जोर असतो तो सुटतो. ज्यावर जोर नसतो तो सुटत नाही. ‘आउफश्टेएन’ म्हणताना जोर ‘आउफ’वर, ‘फेरश्टेएन’ म्हणताना जोर ‘श्टे’वर.

ही खूण किती महत्त्वाची, ते चालकाचे काम करू इच्छिणाऱ्यांनी ऐकावे. ‘उमफारेन’ हा शब्द जर्मनमध्ये दोन प्रकारे उच्चारतात. जोर ‘फा’वर दिला, की अर्थ होतो वळसा घालून जाणे: “इश उमफारे दी श्टाट”, मी शहराला वळसा घालून जातो. जोर ‘उम’वर दिला, की तुकडे सुटतात आणि अर्थ होतो गाडी घालून आडवे पाडणे: “इश फारे दास शिल्ट उम”, मी गाडीने पाटी पाडतो! अक्षरे तीच, एका जोराच्या फरकाने वळसा घालणारा चालक पाटी पाडणारा होतो.

आता दुसरा प्रकार, आत्मवाचक क्रियापदे. ‘वाशेन’ म्हणजे धुणे. “इश वाशे” एवढेच म्हणून थांबलात, तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहतो: काय धुता? कपडे? भांडी? स्वतःचे अंग धुत असाल तर “इश वाशे मिश” असे म्हणायला हवे. मी मला धुतो. मराठीत आपण “आंघोळ करतो”, “दाढी करतो” असे म्हणून मोकळे होतो, ‘स्वतःला’ म्हणत नाही. म्हणून आपली मुले ‘मिश’ विसरतात.

आणि विसरली नाहीत, तर दुसरा घोटाळा होतो. मराठीत ‘स्वतःला’ हा शब्द सगळ्यांना चालतो. मी स्वतःला सावरतो, तू स्वतःला सावर, त्याने स्वतःला सावरले. कर्ता बदलला तरी शब्द तोच. जर्मनमध्ये कर्त्याबरोबर तोही बदलतो:

इश वाशे मिश. (मी)
दू वेश्स्ट दिश. (तू)
एर वेश्ट झिश. (तो)
वीर वाशेन उन्स. (आम्ही)
ईर वाश्ट ऑइश. (तुम्ही सगळे)
झी वाशेन झिश. (ते)

आपला विद्यार्थी ‘झिश’ हा एकच शब्द ‘स्वतःला’ म्हणून पाठ करतो आणि सगळीकडे तोच लावतो: “इश वाशे झिश.” हे जर्मन कानाला “मी त्याने स्वतःला” असे काहीतरी ऐकू येते. शिक्षकांनी पाठ करून घ्यायचे ते जोडीनेच: इश-मिश, दू-दिश, एर-झिश. मुलांना ते यमकासारखे लवकर बसते.

‘झिश’ आणखी एके ठिकाणी येतो. परक्या किंवा वडीलधाऱ्या माणसाला जर्मन लोक ‘झी’ म्हणतात. आपण एकाच माणसाला आदराने “ते आले” असे अनेकवचन लावतो, तसेच हे. म्हणून सुरुवातीच्या वाक्यात डॉक्टर रुग्णाला “झी झिश” म्हणाले. रुग्णाशी बोलणाऱ्या परिचारिकेच्या तोंडी ‘दू’ शोभणार नाही; तिने ‘झी’ आणि ‘झिश’ याच जोडीची सवय ठेवावी.

इथपर्यंत सोपे होते. आता एक बारकावा. “मी हात धुते” हे जर्मनमध्ये “इश वाशे मीर दी हेन्डे” असे होते. इथे ‘मिश’ नाही, ‘मीर’ आहे. का बरे? धुण्याचे कर्म आता हात झाले. ‘मी’ कर्म राहिले नाही, ज्याच्यासाठी धुतले तो झाले. व्याकरणाच्या भाषेत, ‘मिश’ ही द्वितीया आणि ‘मीर’ ही चतुर्थी. मराठीत दोन्ही विभक्तींचे रूप ‘मला’ हेच असल्याने आपल्याला हा फरक दिसत नाही. पण दुसऱ्या एका रीतीने तो आपल्याजवळ आहे. आई म्हणते, “हात धुऊन घे.” आणि लहान पोर असले तर ताईला म्हणते, “त्याचे हात धुऊन दे.” आपल्यासाठी केले की ‘घेणे’, दुसऱ्यासाठी केले की ‘देणे’. जर्मनमध्ये हे काम चतुर्थी करते:

इश वाशे मीर दी हेन्डे. (मी हात धुऊन घेते.)
इश वाशे देम किन्ट दी हेन्डे. (मी मुलाचे हात धुऊन देते.)

‘देम किन्ट’ म्हणजे मुलाला. दुसऱ्याच्या अंगाची सेवा करणे हेच जिचे काम, तिला या वाक्याची गरज दिवसातून दहा वेळा लागेल. तेव्हा सोपी खूण अशी: जिथे मराठीत ‘धुऊन घेते’, ‘घासून घेते’ असे म्हणता येते आणि हात, दात, केस, बूट असे काही कर्म वाक्यात आहे, तिथे ‘मीर’. जिथे असे वेगळे कर्म नाही, सगळे अंगच कर्म आहे, तिथे ‘मिश’. आणि हात ‘माझे’ आहेत हे सांगायचे जर्मनला कारण पडत नाही, जसे ते आपल्यालाही पडत नाही.

संस्कृत शिकवणाऱ्यांना इथे परस्मैपद आणि आत्मनेपद आठवेल. यजमान स्वतःच्या फळासाठी यज्ञ करतो तेव्हा ‘यजते’. ऋत्विज दुसऱ्यासाठी करतो तेव्हा ‘यजति’. फळ कोणाकडे जाते, हे संस्कृतने क्रियापदाच्या प्रत्ययात सांगितले, मराठीने ‘घे’ आणि ‘दे’ने सांगितले, जर्मनने सर्वनामाने सांगितले. विचार तिन्हीकडे ओळखीचा, साधने निराळी.

दिनक्रम सांगायचा म्हणजे घड्याळ आलेच. साडेपाचला जर्मन लोक ‘हाल्प झेक्स’ म्हणतात. ‘झेक्स’ म्हणजे सहा, ‘हाल्प’ म्हणजे अर्धा. आपला विद्यार्थी ऐकतो, अर्धा आणि सहा, आणि साडेसहा समजून एक तास उशिरा कामावर पोचतो. जर्मन माणूस मोजतो ते असे: पाच पुरे झाले आणि सहावा अर्धा झाला. हे परके वाटते ना? मग आपला ‘अडीच’ आठवा. तो ‘अर्धतृतीय’ या शब्दापासून झिजून आला आहे. दोन पुरे आणि तिसरा अर्धा. दुपारचे अडीच म्हणजे जर्मन ‘हाल्प ड्राय’, आणि ‘ड्राय’ म्हणजे तीन. आपण ही रीत अडीचवर थांबवली, जर्मनांनी ती सगळ्या घड्याळभर चालवली, एवढाच फरक.

आता त्या बोरिवलीच्या परिचारिकेचा दिवस सलग ऐका. प्रत्येक वाक्यात दुसऱ्या जागची मेढ आणि शेवटचा शब्द तेवढा टिपत जा.

उम हाल्प झेक्स श्टेए इश आउफ. (साडेपाचला मी उठते.)
इश पुत्से मीर दी त्सेने उन्ट वाशे मिश. (दात घासते आणि अंग धुते.)
डान त्सीए इश मिश आन. (मग कपडे घालते.)
इश श्टाइगे इन बोरिवली आइन. (बोरिवलीला गाडीत चढते.)
इन अंधेरी उन्ट इन घाटकोपर श्टाइगे इश उम. (अंधेरीला आणि घाटकोपरला गाडी बदलते.)
इन मुलुंड श्टाइगे इश आउस. (मुलुंडला उतरते.)
आम आबेन्ट रूफे इश माइने मुटर आन. (संध्याकाळी आईला फोन करते.)
डान रूए इश मिश आउस. (मग विसावा घेते.)
उम एल्फ ऊअर श्लाफे इश आइन. (अकरा वाजता झोपी जाते.)

यातल्या तिसऱ्या आणि आठव्या वाक्यात आपले दोन्ही प्रकार एकत्र आले आहेत. क्रियापद तुटलेही आहे आणि ‘मिश’ही आहे. ‘मिश’ची जागा पाहा: तो दोन मेढींच्या मध्ये, पहिल्या मेढीच्या जितका जवळ बसता येईल तितका जवळ बसतो. आणि दुसऱ्या वाक्यात ‘मीर’ आणि ‘मिश’ शेजारी शेजारी आहेत. दात आहेत तिथे ‘मीर’, नुसते अंग धुणे आहे तिथे ‘मिश’.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना वर्गात उपयोगी पडतील अशा तीन गोष्टी सांगून भाषण आटोपतो.

एक. शब्दकोश पाहायची रीत मुलांना आधी शिकवा. “रूफे ... आन” असे वाक्यात दिसले, की मूल ‘रूफेन’ शोधते आणि त्याला ‘हाक मारणे’ असा अर्थ मिळतो. परिचारिका संध्याकाळी मुलुंडहून गावाकडच्या आईला हाक मारते, असा त्याचा समज होतो! वाक्याचा शेवटचा तुकडा उचलून क्रियापदाच्या आधी लावायचा, आणि मग ‘आनरूफेन’ हा शब्द कोशात पाहायचा. तिथे ‘फोन करणे’ मिळेल.

दोन. क्रियापद पाठ करताना ते एकटे पाठ करू नये. उपसर्ग, त्यावरचा जोर आणि असल्यास ‘झिश’, हे सगळे एकत्र पाठ करावे. नुसते ‘त्सीएन’ पाठ केले तर त्याचा अर्थ ‘ओढणे’ एवढाच. ‘झिश आनत्सीएन’ म्हणजे कपडे घालणे, असे पाठ केले तरच ते कामाचे.

तीन. ऐकण्याचा एक खेळ आठवड्यातून एकदा घ्या. शिक्षकाने वाक्य म्हणावे, पण शेवटचा तुकडा गाळावा: “माखेन झी बिटे दास फेन्स्टर...” एवढे म्हणून थांबावे. मुलांनी हालचाल करायची नाही. मग ‘आउफ’ म्हटले तर खिडकी उघडायची, ‘त्सू’ म्हटले तर लावायची. जो आधी उठेल तो बाद. शहरातल्या वर्गाला जे यंत्र लागते त्यातले काही इथे लागत नाही. एक खिडकी आणि शेवटपर्यंत थांबणारी मुले असली की झाले.

आणि ज्यांना कोणी शिकवायला नाही, त्यांनी आज रात्री वहीत आपल्या स्वतःच्या दिवसाची सात वाक्ये लिहावीत. उठण्यापासून झोपेपर्यंत. गाव तुमचे, वेळा तुमच्या, एस.टी.चा थांबा तुमचा. प्रत्येक वाक्यात दुसऱ्या जागी काय आहे त्याखाली एक रेघ ओढावी, शेवटी काय आहे त्याखाली दुसरी. जिथे दुसरी रेघ ओढायला शब्दच सापडणार नाही, तिथे क्रियापद न तुटणारे आहे, की उपसर्ग लिहायचा राहून गेला आहे, ते तपासून पाहावे. उद्याचा दिवस थोडा वेगळा असेल. त्याचीही सात वाक्ये लिहावीत.